एकटीचा धक्का

"चटका बसला की आधी हात काढायचा गं. कारणं मागनं शोधायची." लहानपणी स्वयंपाकघरातून आलेला आईचा हा आवाज तंत्रज्ञबाईंना हल्ली रोज आठवे, कारण प्रयोगशाळेतल्या लोखंडी टेबलाला करंट उतरला होता.

टेबलावर बशीभर खारट पाण्यात पेशीचा एक पडदा ठेवलेला असे. उसाशाहून हलका, दवाहून नाजूक. त्याच्यावरून संदेश कसा धावतो, हे मोजणं संस्थेचं काम. संचालकांचा त्याच्यावर इतका जीव जडला, की त्यांनी संस्थाही त्याच्याच नियमांनी चालवायला घेतली. परिपत्रक निघालं: पडद्याचं दार एकट्यादुकट्या धक्क्यानं उघडत नाही, पुरेसे धक्के एकदम आले तर सताड उघडतं, मग काही काळ विसावतं. सबब, तक्रार सात जणांनी एकाच मिनिटात केली तरच ग्राह्य धरावी. त्यानंतर तक्रारीच्या खिडकीस पंधरा दिवस विश्रांती द्यावी.

बाई खिडकीशी गेल्या. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"एकट्याच? एकटीचा धक्का वाटेतच विरतो, बाई. शास्त्र आहे ते."

त्यांनी आणखी सहा जण जमवले. त्यांतले माळीबुवा जिन्यात दम खायला थांबले आणि दीड मिनिट उशिरा पोचले. पुढच्या खेपेला सातही जण वेळेवर हजर. पण तासाभरापूर्वीच दुसऱ्या सात जणांनी चहाच्या कपांना कान नसल्याची तक्रार मंजूर करून घेतली होती. खिडकी विसावली होती.

तोवर झिणझिण्या कोपरापर्यंत चढल्या. कुणीतरी संचालकांच्या कानावर घातलं, तर त्यांनी सगळ्यांना रबरी चपला वाटल्या. आवरण असलं की संदेश अधिक वेगानं धावतो, असा शेराही मारला.

मग आलेखावर लाटा उमटू लागल्या. सेकंदाला पन्नास, एकीसारखी दुसरी. पडदा गातोय, असं म्हणताना संचालकांचे डोळे भरून आले. एका दुपारी बाईंनी शेजारच्या फ्रिजचं बटण बंद केलं. लाटा थांबल्या, टेबलाच्या झिणझिण्याही थांबल्या. चालू केलं, लाटा परतल्या. बशीत नीट पाहिलं, तर नुसतं पाणी. पण बाईंची सहा-सहा महिन्यांची नोकरी त्याच लाटांवर तरंगत होती. बाईंनी आलेखावर रोजच्यासारखी तारीख घातली.

गौरव समारंभ ठरला. लाटा बिघडू नयेत म्हणून टेबल फ्रिजसकट व्यासपीठावर आलं. फोटोत बरं दिसेना, म्हणून संचालकांनी चपला काढल्या आणि बोलता बोलता टेबलावर हात टेकला. वाक्य अर्ध्यावर तुटलं. अंग थरथरू लागलं, हात सुटेना. साहेबांना गहिवरून आलं असं समजून सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

बाईंना आईचा आवाज ऐकू आला. त्यांनी धावत जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं.

संचालक खुर्चीत कोसळले. आलेख सपाट झालेला पाहून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "पडदा का थांबला?"

"बाई," पहिल्या रांगेतून कारकून म्हणाला, "तुम्ही एकट्याच आहात."

बाईंनी सभागृहाकडे पाहिलं. पाहुण्यांना कुणी चपला वाटल्या नव्हत्या. तरी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, कडक इस्त्रीच्या विजारींखाली आणि भरजरी काठांखाली, रबरच रबर.

"साहेब, पडदा कधीच विरघळला. गात होता तो फ्रिज," बाई म्हणाल्या. "आणि मी एकटी कुठली? इथं बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. नाहीतर समारंभाला कुणी घरनं रबरी चपला घालून येतं?"