चौदाव्या डोनटची सोय

एक एप्रिलच्या सकाळी बंदरावरचे धुके बेकरीच्या काचेला गाल लावून उभे होते, आणि आत व्हर्ना झ्विकर बिलाच्या यंत्रापुढे, परीक्षेच्या दालनात उशिरा शिरलेल्या मुलीसारखी, उभी होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात त्या दिवसापासून विक्रीकर पंधरा टक्क्यांवरून चौदावर उतरत होता. यंत्रात दर भरण्याचे काम एरवी तिची नणंद हिल्डा करी. पण ती हॅलिफॅक्सला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि करखात्याचा अधिकारी हिशेब तपासायला नेमका आजच यायचा होता. एक चूक, की दंड. व्हर्नाने श्वास रोखून एका रकान्यात चौदा भरले आणि दार उघडले.

पहिला आला एलवुड क्राउझ, निवृत्त कोळी. नेहमीचे सहा डोनट घेऊन त्याने बिल पाहिले, आणि त्याच्या भुवया टोपीत शिरल्या.

"सहावर कर? अगं व्हर्ना, पाचापर्यंत कर, सहा घेतले की माफ. माझ्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे!"

"नवे नियम आलेत आजपासून. यंत्र काय खोटं बोलतंय?"

"एप्रिल फूल करतेस होय मला!"

त्याने पैसे दिले, पण घरी न जाता तो कोपऱ्यात ठाण मांडून बसला. मागोमाग शाळेतल्या थिबोडो बाईंनी डझनभर मागितले. कर लागला.

"एक वाढवून बघा, बाई," एलवुड म्हणाला.

तेरा. तरी कर.

"अजून एक!"

चौदा झाले, आणि कर धुक्यासारखा विरून गेला.

"सापडलं! लोकहो, चौदाला माफी!"

रांगेचे रूपच पालटले. एरवी हवेपाण्यापलीकडे न बोलणारी माणसे एकमेकांच्या कानाला लागली. भागीदाऱ्या जमल्या, मोडल्या, पुन्हा जमल्या. घटस्फोट घेतलेले एक जोडपेही तेवढ्यापुरते एक झाले. व्हर्नाचे हात डोनट बांधत होते, मन दंड मोजत होते. इतक्यात दारातून शिरणाऱ्या करड्या कोटातल्या गृहस्थाचा दंड एलवुडने धरला.

"या, या! एकच कमी पडतोय. तुमचा घाला."

"मला एकच हवा होता खरा," गृहस्थ गोंधळून म्हणाले. त्यांनी आपला वाटा दिला, डोनट खाता खाता बिल वाचले, आणि साखरेचा हात पुसून ओळखपत्र काढले. "मी कोमो. करखात्यातून आलोय."

व्हर्ना यंत्रामागून पुढे आली.

"साहेब, दर मीच भरला," व्हर्ना पुटपुटली. "काय असेल ते सांगून टाका."

कोमोंनी यंत्रात डोकावले. "दर अजून पंधराच आहे, बाई. चौदा तुम्ही शेजारच्या रकान्यात भरलेत. किती नगांपासून माफी, त्या." मग ते बिले चाळत गेले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पण माफी सहापासून, आणि एक सोडून ही सगळी बिलं चौदाची. म्हणजे बरोबरच! सुटे कुणी घेतलेच नाहीत?"

"आणि कर भरायचा?" थिबोडो बाई दुखावल्या.

"मग या एका सहाच्या बिलावरचा कर परत करा," कोमो म्हणाले. "बाकी हिशेब स्वच्छ."

एलवुडचा तळवा आधीच पुढे आला होता. व्हर्ना पिठाच्या पोत्यावर मटकन बसली आणि सकाळपासून कोंडलेला श्वास तिने सोडला. गिऱ्हाइकांच्या चिकटपणावर इतकी माया तिला कधी दाटून आली नव्हती.

दर आणि माफीचा आकडा, दोन्ही दुरुस्त झाले. निघताना कोमो थबकले. "झकास होता. वाटेत खायला अजून एक द्या."

"देते की. पण एकावर कर लागेल हं, साहेब. चौदा टक्के."

कोमोंनी पाकिटाला घातलेला हात थांबवला, आणि रांगेकडे वळून, घसा खाकरून विचारले, "कुणाला पाच हवेत का हो?"