चिमूटभर क्षार आणि माझी तत्त्वनिष्ठा

शास्त्रात हात आखडता घेऊ नये, हे माझं मत मी आजही मागे घेत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, तरी घेतलं नाही. साहेब म्हणजे माझी सख्खी बायको.

त्या दिवशी एक गोळ्यांचे कारखानदार बाहेर येऊन बसले होते. त्यांच्या औषधात तस्साच दिसणारा एक नको असलेला पदार्थ आहे का, एवढंच सांगायचं होतं. नाही जमलं तर ते सगळं काम दुसरीकडे नेणार. आमचं यंत्र नमुन्याला द्रावकाबरोबर केसाएवढ्या नळीतून ढकलतं. वाटेत एक रेंगाळतो, एक पुढे पळतो, की झाले वेगळे. पण हे दोघे नव्या नवरा-नवरीसारखे हातात हात घालून बाहेर पडत होते.

"द्रावकात चिमूटभर क्षार घाला, सुटतील," बायको म्हणाली. "आणि अहो, चिमूटभरच."

घातला. यंत्राच्या पडद्यावर दोघांचा मिळून एकच डोंगर उमटत होता, त्याला दोन शिखरं फुटू लागली. चिमटीत एवढं, तर मुठीत केवढं! मी मूठ सोडली.

नळीतला दाब चढत गेला, यंत्र किंचाळलं आणि गप्प झालं. बायको धावत आली.

"किती घातलंत?"

"अंदाजाने."

"हा काय स्वयंपाक आहे?"

"स्वयंपाकात तू मला कुठे हात लावू देतेस?"

"द्रावकात जवळजवळ सगळं स्पिरिट. त्यात मूठभर क्षार विरघळेल? नळीत दगड झालाय त्याचा."

"म्हणजे वेगळं झालं ना? क्षार एकीकडे, द्रावक एकीकडे. मला वेगळंच करायला सांगितलं होतं."

कारखानदारांनी दारातून डोकावलं. "होतंय का वेगळं?"

"इथे आणखीही दोघं होतील," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "बसा तुम्ही."

तिने नळीचं तुंबलेलं टोक कापलं, उरलेली पाण्याने धुतली, ताज्या द्रावकात चिमूटभर क्षार घातला. दोन शिखरं उभी राहिली, मधे ऐसपैस दरी. नको तो पदार्थ सापडला. कारखानदारांनी पुढचं कामही तिलाच दिलं. क्षाराची कमाल मर्यादा कोणी शोधली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आता बाटल्या धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मी निषेध म्हणून स्वीकारलंय आणि ती माफी मागेपर्यंत तिच्याशी बोलणार नाही. तुम्ही आत जातच असाल, तर तिच्याकडून एक माप मोठे हातमोजे मागून आणाल का? हे फार आवळतात.