नानांच्या गाडीची टकटक

“इंजिन म्हणजे काय? एक मोठं शिवणयंत्र! चार बोल्ट सोडायचे, बिघडलेलं बदलायचं, चार बोल्ट आवळायचे. पुढच्या रविवारी गाडी पळती करतो की नाही बघ!”

छकुलीचा बाबा हे म्हणाला तेव्हा त्याच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात छकुलीची दुधाची बाटली. त्याने अलीकडे खोललेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे ती बाटलीच. तिचंही झाकण परत बसवताना निम्मं दूध शर्टावर यायचं!

“शिवणयंत्र म्हणालास का?” आतून त्याच्या आईचा, म्हणजे छकुलीच्या आईच्या सासूबाईंचा, आवाज आला. एरवी त्यांना दहा हाका माराव्या लागत, पण हा शब्द बरोबर ऐकू गेला. “माझं शिवणयंत्र तू कॉलेजात असताना खोललं होतंस. अजून माळ्यावर पिशवीत आहे. एका पिशवीत मावलंसुद्धा नाही!”

छकुलीची आई हसली. पण हसता हसता तिची नजर खिडकीतून खाली पार्किंगमध्ये गेली. तिथे कोपऱ्यात धूळ खात नानांची गाडी उभी होती.

नाना म्हणजे तिचे वडील. ते गेले आणि गाडी तिच्याकडे आली. काही दिवस धावली, मग एकदा भर रस्त्यात तिने पांढरा धूर सोडला आणि अंग टाकलं. गॅरेजवाल्याने तेलाची पट्टी ओढून दाखवली. तिच्यावर कॉफीसारखा फेस! “गॅस्केट गेलंय ताई. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक पत्रा असतो, तो जळलाय. पाणी तेलात उतरतंय. सगळं वरून खोलावं लागेल. एवढ्या म्हाताऱ्या गाडीमागे कशाला लागता? भंगारात द्या!”

‘भंगार’ म्हटल्याबरोबर तिने कडेवरच्या छकुलीला असं घट्ट धरलं, की जणू तो छकुलीबद्दलच बोलत होता.

गाडी तशी काही फार गुणाची नव्हती. काचा अर्ध्यावर अडकायच्या, हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा आणि इंजिनातून सतत एक टकटक यायची. पण ती टकटक गल्लीच्या कोपऱ्यापासून ऐकू यायची! ती ऐकली की माई, म्हणजे तिची आई, चहाचं आधण ठेवायची. आणि तेव्हा शाळेत असलेली ती स्वतः हातातली गोष्टींची पुस्तकं गादीखाली सारून भूगोल उघडायची. नाना दारात येईपर्यंत चहा उकळलेला आणि मुलगी अभ्यासात बुडालेली! नानांना वाटायचं, आपलं घर कसं घड्याळासारखं चालतं.

आता माई तिकडे, दुसऱ्या गावात एकटी. फोनवर ती कधी ‘ये’ म्हणून गळ घालायची नाही. फक्त मध्येच म्हणायची, “काल कुणाची तरी गाडी वळली गं कोपऱ्यावर. मी आपली चहा टाकून मोकळी. वेडी कुठली!” आणि स्वतःच हसायची. त्या हसण्यानंतर फोनमध्ये जी शांतता पसरायची, ती छकुलीच्या आईला सोसवत नसे.

बसने जाता आलं असतं. पण तिला जायचं होतं ते नानांच्या गाडीतून. छकुली नुकती पावलं टाकायला लागली होती. गाडी कोपऱ्यावर वळावी, टकटक व्हावी, माई दारात यावी आणि छकुलीने डुलत डुलत तिच्याकडे जावं. एकदाच! नाना नाहीत, निदान त्यांची चाहूल तरी.

“रविवारी चालू नाही झाली,” नवरा छातीवर हात ठेवून म्हणाला, “तर सोमवारी भंगारवाल्याला मीच फोन करीन. शब्द!”

असला शब्द त्याच्याकडे कुणी मागितला होता?

*

खोलणं मात्र त्याला फार छान जमलं. खोलण्यात तो पहिल्यापासून हुशार! दोन दिवसांत बॉनेटखाली असं भगदाड पडलं, की मांजर आत शिरून आरामात झोपलं. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा अख्खा लोखंडी ठोकळा, सुटून बाहेर आला. आता ते डोकं धुवायचं आणि कुठे वाकलंय का ते सपाट जागेवर ठेवून बघायचं. घरात सर्वांत सपाट जागा कुठली? स्वयंपाकाचा ओटा!

“पण वर न्यायचं कसं? माझी कंबर जाईल.”

“बाबागाडी आहे की,” ती म्हणाली.

झालं! इंजिनाचं डोकं बाबागाडीत निजलं. धूळ बसू नये म्हणून तिने वरून छकुलीची दुलई पांघरली. बाबागाडीची चाकं कण्हायला लागली. लिफ्टचं दार मिटणार तेवढ्यात समोरच्या काकू आत घुसल्या. बाळ दिसलं की काकूंना धीर धरवत नाही.

“झोपली का गं सोनुली? बाई बाई, बाबागाडी कशी दबलीय! वजन चांगलं धरलंय हो!”

“हो... बाळसं आहे,” नवरा कसाबसा म्हणाला.

काकूंनी हळूच दुलई बाजूला केली. आतलं काळं, तेलकट, भोकाभोकांचं रूप पाहून त्यांचा हात हवेतच राहिला.

“अगं... हे... कुणावर गेलंय?”

“आजोबांवर,” छकुलीची आई म्हणाली.

खरं तर ती गमतीने म्हणाली. पण बोलून झाल्यावर लिफ्ट वर पोचेपर्यंत ती दुलईच्या कडेशी चाळा करत राहिली.

*

डोकं ओट्यावर बसलं, आणि स्वयंपाक बाल्कनीत गेला. बाकीचे भाग नवऱ्याने हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडले. त्यांत आठ सारख्या दिसणाऱ्या सळया होत्या. “दिसायला सारख्या,” तो व्याख्यान द्यायला लागला, “पण प्रत्येक सळई आपापल्या जागी झिजलीय. जिथली तिथेच परत गेली पाहिजे. म्हणून मी डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवल्यात. कुणीही हात लावायचा नाही! एकेका सळईचं एकेक घर आहे!”

आणि पाहुण्याला घर दाखवावं तसं सगळं समजावून तो ऑफिसला गेला. ती छकुलीला निजवता निजवता स्वतःही झोपली.

इथे एक सांगायला हवं. छकुली रांगायला लागल्यापासून सासूबाईंचा एकच कायदा होता: बाळाच्या हाताला लागेल ते उकळलेलं हवं! खुळखुळा, चमचे, प्लास्टिकची बदकं, सगळं त्यांनी उकळून काढलं होतं. एकदा टीव्हीचा रिमोटसुद्धा पातेल्यापर्यंत गेला होता, थोडक्यात वाचला. अशा बाईच्या घरात, जमिनीवर, बाळाच्या उंचीला, तेलाने बरबटलेल्या आठ सळया!

संध्याकाळी नवरा घरी आला. वर्तमानपत्र गायब! आणि टेबलावर, स्वच्छ पंच्यावर, आरशासारख्या चकचकीत वस्तूंचं संमेलन भरलेलं. मोठे बोल्ट मागे, छोटे पुढे, शाळेच्या फोटोत मुलं बसवतात तसे. आठही सळया चमच्यांच्या स्टँडमध्ये उभ्या.

“आई!” तो एवढंच म्हणू शकला.

“आभार नकोत,” सासूबाई म्हणाल्या. “किती घाण होती रे! तीनदा पाणी बदललं. केस वाळवायच्या यंत्राने वाळवून वर खोबरेलाचा हात फिरवलाय. गंजायचे नाहीत!”

“पण ओळ... माझी ओळ!”

“ओळ लावलीय की उंचीप्रमाणे! तुझ्यासारखी आडवीतिडवी नाही.”

नवरा खुर्चीत बसला. मग खुर्चीतून जमिनीवर बसला. आयुष्यभर एकाच घरात राहिलेल्या आठ सळया पत्ता हरवून चमच्यांत उभ्या होत्या आणि कुठली कुठली, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. छकुली दुडुदुडु आली आणि बापाच्या डोक्यावर थापट्या मारून त्याला झोपवायला लागली.

“सोमवारी भंगारवाल्याला...” तो पुटपुटला.

“अजिबात नाही!” छकुलीची आई इतक्या जोरात म्हणाली की सासूबाईंच्या हातातलं फडकं पडलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “अरे, माईने काल पुन्हा चहा टाकला होता.”

सासूबाईंनी फडकं उचललं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा चष्मा आणून मुलापुढे ठेवला. “घे. तुझ्या त्या गाडीच्या पुस्तकातली बारीक अक्षरं नीट वाच. काहीतरी उपाय लिहिला असेल.”

लिहिला होता! सळया कुठल्याही लागल्या तरी प्रत्येकीवर एक स्क्रू असतो. पातळ पट्टी घालून तो एकेक नीट जुळवायचा, की झालं.

*

रविवारी सकाळी सगळं पार्किंग गोळा झालं. डोकं धडावर बसलं होतं, नवा पत्रा मधोमध, आठही स्क्रू पट्टीने मोजून जुळवलेले. नवऱ्याने किल्ली फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... आणि शांत!

“गेली!” काकू हळहळल्या.

नवऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिनाने असा कर्रर्र किंचाळून निषेध केला की मांजर भिंतीवर चढलं.

“अहो, चालूच आहे!” काकू बॉनेटला हात लावून ओरडल्या. “थरथरतंय बघा! आवाजच नाही, एवढंच!”

खरंच! इंजिन लोण्यासारखं चालू होतं; चालू असताना पुन्हा किल्ली फिरवली म्हणूनच ते किंचाळलं होतं. ना धूर, ना फेस, ना टकटक. नवरा उडी मारून बाहेर आला. टाळ्या पडल्या! त्याने बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

“अगं, झाली ना चालू! आनंदाने रडतेस ना?”

तिने नकारार्थी मान हलवली. “टकटक कुठे गेली?”

“घालवली!” तो अभिमानाने म्हणाला. “एक स्क्रू सैल होता वर्षानुवर्षं. आता एकदम...” आणि तो मध्येच थांबला.

“गाडी अशी मुकी गेली,” ती म्हणाली, “तर माईला कळणारच नाही कुणी आलंय ते.”

नवऱ्याने त्या मुक्या इंजिनाकडे पाहिलं. त्याच्या आयुष्यातली ही पहिली वस्तू, जी खोलून परत नीट लागली होती. टाळ्यासुद्धा अजून थांबल्या नव्हत्या! त्याने एक लांब श्वास घेतला आणि पाना उचलला.

“कितपत होती?”

लोक टकटक घालवायला गॅरेजापुढे रांगा लावतात. इथे एक माणूस ती परत घालत होता. एक स्क्रू किंचित सैल करायचा, गाडी चालू करायची, आणि ती डोळे मिटून ऐकायची.

“नाही. हा फार बारीक आहे.”

“आता?”

“आता खणखणीत झाला. नानांचा असा नव्हता. थोडा बसक्या घशाचा होता.”

“हा नको, शेजारचा सोड,” सासूबाई म्हणाल्या. त्याही कधी डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेजारचा सुटला. टक, टक, टक, टक.

छकुलीच्या आईने डोळे उघडले नाहीत. तिचा हात मात्र नकळत काहीतरी गादीखाली सारायला निघाला होता.

*

दुपारी गाडी माईच्या कोपऱ्यावर वळली. घर अजून पुढे होतं, आणि दार उघडं! माई उंबऱ्यात, एका पायात चप्पल, दुसरी घालायची राहून गेलेली. तिची नजर आधी गेली ती गाडी चालवणाऱ्याकडे. क्षणभरच! मग ती खाली वाकली, कारण छकुली गाडीतून उतरून डुलत डुलत निघाली होती. मध्ये बसली, उठली, पुन्हा निघाली, आणि थेट माईच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली.

आतून उकळत्या चहाचा वास आला.

मग माईने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि आपल्याला कुणी रडताना पाहू नये म्हणून जावयाकडे वळली.

“जावईबापू, ऐकलं मी, सगळं इंजिन घरी खोललंत म्हणे! पण ती टकटक काही गेली नाही हो!” तिने त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. “मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे? पलीकडच्या रस्त्याला एक चांगला मेकॅनिक आहे, त्याला दाखवू.”

नवऱ्याने तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. तोंड मिटलं.

“हो ना, माई,” तो म्हणाला. “तेवढं एक नाही जमलं.”

“लहानपणापासून असाच आहे तो,” सासूबाई मागच्या सीटवरून उतरत म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी त्याचा दंड हळूच दाबला. “माझ्या शिवणयंत्राचं विचारा त्याला!”