ज्येष्ठ गटातलं पहिलं बक्षीस

सासऱ्यांना एक वाक्य सांगायचं होतं, ते सांगता येईना, म्हणून संजीवनीनं अख्खं गाव पळवलं.

वाक्य तसं साधं होतं. नव्या स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे नकोत. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. मिस्त्री अंगणात बसून ते कापणार, भोकं पाडणार, आणि ती धूळ एकदा छातीत शिरली की वर्षानुवर्षं गप्प बसून मग डोकं वर काढते. संजीवनी हायस्कूलला विज्ञान शिकवत होती, त्यामुळं हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तिचे काका मुंबईकडं पत्र्यांच्या कारखान्यात होते, त्यामुळं पुस्तकाबाहेरूनही ठाऊक होतं. शेवटी शेवटी काकांना एक वाक्य तीन हप्त्यांत बोलावं लागायचं.

पण स्वयंपाकघर सासरे सावळाराम आपणहून बांधत होते, आणि सुनेसाठी बांधत होते. जुन्या कोपऱ्यात तिला वाकून भाकरी थापावी लागते, हे घरात पहिल्यांदा त्यांनाच दिसलं होतं. खिडकी त्यांनी पूर्वेला ठेवली, ओटा तिच्या उंचीचा करून घेतला आणि पत्र्यांचं हार्डवेअरवाल्या रणजितशेठशी बोलून ठेवलं. अशा माणसाला पत्रे नकोत म्हणणं म्हणजे आग्रहानं वाढलेल्या पुरणपोळीतला खडा ताटाबाहेर काढून ठेवणं. नवरा ज्ञानेश म्हणाला, "तुझा विषय हाय, तूच सांग." सासूबाई द्वारकाबाई म्हणाल्या, ह्यांना आजवर कुणी काही सांगितलेलं नाही, सुरुवात माझ्यापासून नको.

तेव्हा संजीवनीनं शास्त्रीय मार्ग धरला. शाळेत व्याख्यान ठेवायचं, सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि ते वाक्य बारामतीच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून वदवायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, व्याख्यानाला कुत्रं येत नाही. दौड ठेवा, पोलीस भरतीची पोरं न बोलावता येतात. दौड आली म्हणून बक्षिसं आली, बक्षिसं आली म्हणून प्रायोजक लागला, आणि गावात प्रायोजक म्हणावा असा एकच माणूस होता: रणजितशेठ. संजीवनीनं भीत भीत त्यांना फ्लेक्सचा मजकूर दाखवला. 'पत्रा कापू नका, फोडू नका, भोकं पाडू नका. श्वास जपा.' चौथी एक ओळ होती, ती तिनं आदल्या रात्रीच खोडली होती. शेठनी मजकूर दोनदा वाचला, मान डोलावली आणि आपला फोटो त्याच्यापेक्षा मोठा घ्यायला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मात्र रिकामी राहिली. पारावर कुणीतरी सावळारामांना टोमणा मारला होता, "सुनंचा कार्यक्रम आन घरचं कुनीच पळंना व्हय?" त्यांनी तडक ज्येष्ठ गटात नाव घातलं. डॉक्टरीणबाई धुळीबद्दल बोलत होत्या, माणसं कधी नव्हे ती गप्प बसून ऐकत होती, आणि सावळाराम मैदानाच्या पलीकडं लिंबाखाली धोतराचा काचा मारून उठाबशा काढत होते. सारा घाट ज्याच्यासाठी घातला, तो सोडून सगळ्या गावाला पत्र्यांचं शास्त्र कळलं.

दौड कालव्याच्या कडेनं होती. भरतीची पोरं सुटली ती वाऱ्यासारखी, आणि सोळाशे मीटरवर एकदम थांबून बांधावर आडवी झाली. भरतीत तेवढंच पळायचं असतं, पुढं पळायची त्यांना सवय नव्हती. ज्येष्ठ गटाला वाटेत चहाची टपरी लागली. तिथं बाकीच्यांनी यंदाच्या उसाचा विषय काढला, तो संपेना. सावळारामांनी निम्मा जन्म मेंढरांमागं काढलेला. ते मागं न बघता आले आणि पहिले आले.

फ्लेक्सखाली पुकारा झाला, ज्येष्ठ गट, प्रथम क्रमांक, संसारोपयोगी भेट. टाळ्यांच्या कडकडाटात ट्रॉलीवरची ताडपत्री ओढली. आत झेंडूची माळ घातलेले सिमेंटचे कोरे पत्रे होते.

संजीवनी रणजितशेठना बाजूला घेऊन म्हणाली, "शेठ, ह्याच्याविरुद्ध तर दौड होती."

"बाई, तुमीच लिवलंय, कापू नका, फोडू नका," शेठ शांतपणे म्हणाले. "विकू नका कुठं लिवलंय?"

लिहिलं होतं. तीच ती खोडलेली चौथी ओळ.

ट्रॉली तिच्या आधी घरी पोचली. मिस्त्रीनं कापायचं मशीन जोडलं होतं. अंगणात तिची छोटी लेक भातुकलीची मातीची भांडी मांडून बसली होती. सावळारामांच्या गळ्यात अजून पदक होतं. "बग, फुकटात छप्पर आलं तुज्या सैपाकघराला," ते म्हणाले, आणि त्यांनी मिस्त्रीला खूण केली.

संजीवनीनं जाऊन मशीनची वायर उपटली.

"मामा, हे पत्रे नकोत. कापले की धूळ उडते, ती छातीत बसते. माझे काका त्यानंच गेले."

द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. सावळारामांनी आधी पत्र्यांकडं बघितलं, मग नातीकडं.

"मग आदी का न्हाय बोललीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं..."

"हौस सैपाकघराची हुती. पत्र्याची कुनाला आसती?" त्यांनी पदक काढून खुंटीला अडकवलं. गुडघा चोळत ते ओसरीवर टेकले. "आन एवढ्यासाटी ह्या वयात मला पळवलंस व्हय, पोरी?"

पत्रे तसेच अखंड परत गेले. दिलेलं बक्षीस परत घेणं रणजितशेठना अवघड वाटलं, पण पुढच्या वर्षीच्या दौडीला होतील म्हणून त्यांनी ते मोठ्या मनानं ठेवून घेतले.

लोखंडी पत्रे येईस्तोवर स्वयंपाकघर उघडं कसं ठेवायचं? सावळारामांनी शाळेतून तो फ्लेक्स मागून आणला आणि वाशांवर ताणून बांधला, छापील बाजू आत. संध्याकाळी ओट्यापाशी सरळ उभं राहून संजीवनीनं पहिली भाकरी थापली. तव्याच्या बरोबर वर रणजितशेठ हसत होते. सावळाराम ताटावर बसले, वर मान करून एकेक शब्द लावत त्यांनी मजकूर वाचून काढला आणि भाकरी मोडत म्हणाले,

"सगळं तर लिवलंय की हितं. हे वाचायला कुनाला पळावं लागतंय?"