उजव्या टोकाचं बक्कल

पट्टा ठरल्याप्रमाणे जमला असता, तर विश्राम दातारांचा फायदा अगदी सरळ होता. नात परत मिळणार होती. रोज नव्हे, रविवारी दुपारी दोन-अडीच तास. त्यासाठी लागणारं भांडवल त्यांना किरकोळ वाटत होतं: चार फूट चामडं, एक पितळी बक्कल, नऊ ठसे, एक लाकडी मोगरी आणि महिनाभराच्या दुपारी. निवृत्तीनंतर दुपारी तर त्यांच्याकडे इतक्या पडून होत्या, की कोणी उचलून नेल्या असत्या तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं.

नात गेली कशी, तेही सांगायला हवं. मुलगा मुकुल आणि सून क्षिप्रा माजिवड्याला राहायचे आणि साडेचार वर्षांच्या सान्वीला घेऊन दर रविवारी डोंबिवलीला जेवायला यायचे. चार महिन्यांपूर्वीच्या अशाच एका रविवारी सान्वी जमिनीवर पालथी पडून हत्ती रंगवत होती. डाव्या हाताने. विश्रामरावांनी वाकून खडू काढला आणि तिच्या उजव्या हातात दिला.

"हं, असं. चांगली मुलं या हाताने रंगवतात."

सान्वीने खडू परत डाव्या हातात घेतला. आजोबांनी परत काढला. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्या डाव्या हातावर एक चापटी मारली. त्या चापटीने डाससुद्धा मेला नसता. पण मुकुल भरल्या पानावरून उठला.

"बाबा, माझ्या वेळी केलंत ते केलंत. हिच्या बाबतीत नाही."

तेव्हापासून मुकुल महिन्यातून एकदा यायचा, आईवडिलांच्या गोळ्यांची पिशवी द्यायचा आणि बारा मिनिटांत निघायचा. बसायचा नाही. सान्वीचं विचारलं की "तिचा क्लास असतो" म्हणायचा. रविवारी दुपारी दीड वाजता साडेचार वर्षांच्या मुलीचा कसला क्लास असतो, हे सुमतीबाईंनी विचारलं नाही. सगळ्या उत्तरांची त्यांना गरज नसायची.

विश्रामरावांना चूक कळली नव्हती असं नाही. पण पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेला माणूस तो. चूक झाली की रबराने खोडायची, तोंडाने कबूल करायची सवयच नव्हती. शिवाय मुकुलही लहानपणी डावखुराच होता, आणि दोन वर्षांच्या "उजवा हात!"च्या गजराने त्यांनी त्याला उजवा करून दाखवला होता. आता तो उजव्या हाताने जेवत होता, लिहीत होता, सही करत होता. ते प्रकरण त्यांच्या दृष्टीने निकाली निघालेलं. ते तसं निघालेलं नव्हतं, हे त्या रविवारी पहिल्यांदा कळलं.

मग एकदा मोबाइलवर एक माणूस ओल्या चामड्यावर वेलबुट्टी उठवताना दिसला, आणि त्यांच्या मनाने घेतलं. जे तोंडाने जमत नाही ते हाताने म्हणू. मुकुलच्या वाढदिवसाला नाव घातलेला पट्टा.

"पट्टा? बाजारात मिळत नाहीत?" सुमतीबाई म्हणाल्या.

"बाजारातल्या पट्ट्यावर बाप दिसत नाही गं."

 विश्रामरावांनी ठोकायला दगड हवा म्हणून पाटा उचलला तेव्हा मात्र सुमतीबाई कडाडल्या. "त्यावर मी पुरण वाटते!"

"उलट्या बाजूने ठोकतो."

"पाट्याला उलटी बाजू असली तरी स्वयंपाकघर एकच आहे माझं."

शेवटी पाटा बाल्कनीत गेला, आणि दुपारी दोन ते चार ठकठक सुरू झाली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे महिपत शेलार बनियनवरच वर आले. एमआयडीसीत तीस वर्षं तीन पाळ्या करून ते आता कुठे दुपारी झोपायला शिकले होते.

"दातारसाहेब, वरती काय खाण काढलीय का दगडाची? डोळा लागला की ठक. परत लागला की ठक."

"नक्षीकाम आहे हो. मुकुलसाठी पट्टा."

महिपतने चामडं हातात घेतलं, वास घेतला, अंगठा फिरवला. "भारी आहे राव. पण ही मोगरी तुम्ही अशी धरलीय, जसं काही देवळातली घंटा. आना इकडे." त्या दिवसापासून महिपतची झोप गेली ती गेलीच, पण तक्रारही गेली.

मापाची जबाबदारी सुमतीबाईंनी घेतली. त्यांनी क्षिप्राला गुपचूप फोन लावला.

"पँटवर चौतीस लिहिलंय, आई."

"म्हणजे चौतीस धरू?"

"लिहिलंय चौतीस. पण बटन लावताना तो श्वास घेत नाही. तुम्ही अडतीस धरा. आणि मी सांगितलं म्हणू नका, प्लीज."

महिपतची कंबर बरोबर अडतीस निघाली. त्यामुळे त्यांना मुकुलच्या जागी उभं राहण्याचं काम मिळालं.

आता नाव. पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे घातल्यावर पाठीवर यावं अशा बेताने, विश्रामरावांनी ट्रेसिंग पेपरवर 'मुकुल' काढलं. दोन्ही उकार मोजपट्टी लावून सारखे. मग ओल्या चामड्यावर सुरीने कोरलं, कडेने ठशांनी दाबलं, आणि तीन दिवसांनी अक्षरं अशी वर आली की सुमतीबाईंनीही चष्मा लावून पाहिली. "छान आलंय हो," म्हणाल्या. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी बेताने वापरलं होतं.

त्याच संध्याकाळी चामडं वाळताना वाकू नये म्हणून विश्रामरावांनी नावाच्या डावीकडे लोखंडी खलबत्ता ठेवला. ओल्या चामड्याला लोखंड चालत नाही, हे व्हिडिओत पुढे सांगितलं होतं; तेवढं पुढे ते गेले नव्हते. सकाळी 'मुकुल'च्या शेजारी रुपयाएवढा निळाकाळा डाग.

"संपलं," म्हणून ते खुर्चीत बसले.

"संपलं काय? मुकुल म्हणजे काय?" सुमतीबाई म्हणाल्या.

"कळी."

"मग काढा तिथे कळी."

डागावर कळी कोरली. ती इतकी देखणी झाली की नावाच्या उजवीकडची मोकळी जागा भुंडी दिसायला लागली. मग विश्रामरावांनी चामडं परत ओलं केलं आणि खलबत्ता यावेळी मुद्दाम, मोजून, उजवीकडे ठेवला आणि त्या डागावर दुसरी कळी कोरली. चूक सममितीत बसली की तिला नक्षी म्हणतात.

राहिलं बक्कल. पट्ट्याला दोन टोकं. एकीकडे बक्कल, एकीकडे भोकं. कुठल्या टोकाला काय, याचा विश्रामरावांनी क्षणभरही विचार केला नाही. नाव समोर सुलटं ठेवलं आणि बक्कल उजव्या टोकाला लावलं. ज्या घरात पाऊल उजवं, प्रसाद उजवा, प्रदक्षिणा उजवी, तिथे बक्कल डावीकडे कसं जाईल? तांब्याची दोन रिबिटं ठोकली, वर मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. दुसऱ्या टोकाला पाच भोकं पाडली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, महिपतला पट्टा घालून बाल्कनीत उभं केलं. विश्रामराव पुढून बक्कल पाहत होते. सुमतीबाई मागे होत्या. 

"काय गं? कसं दिसतंय?"

"दिसतंय छान," सुमतीबाई म्हणाल्या. "फक्त शीर्षासन करून वाचावं लागतंय."

विश्रामराव मागे आले. शिरोरेषा खाली आणि तिच्यावर अक्षरं पालथी. फळीवर घासून ठेवलेल्या वाट्यांसारखी. दोन्ही कळ्या आपापलं डोकं खाली घालून उभ्या होत्या.

"उलटा घातलात तुम्ही, शेलार!"

"उलटा? साहेब, साठ वर्षं पँट घालतोय मी. टोक डावीकडनं घालायचं, मागनं फिरवून उजवीकडनं बाहेर. सगळी दुनिया अशीच घालते."

विश्रामरावांनी स्वतःच्या कमरेकडे पाहिलं. सगळी दुनिया अशीच घालत होती. पस्तीस वर्षं पुढून, वरून, बाजूने यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या माणसाचं पाठीमागून पाहायचं राहून गेलं होतं.

"एवढं काय त्यात," महिपत म्हणाले. "मुकुलला बोला, पँट उलटी घाल."

"शेलार!"

"नायतर शर्ट बाहेर सोड म्हनावं."

"बक्कल काढून दुसऱ्या टोकाला लावा ना," सुमतीबाई म्हणाल्या.

"तिकडे पाच भोकं पाडलीत. ती कापली तर पट्टा चौतीसचा होईल."

"म्हणजे पँटवर लिहिलंय तसा," सुमतीबाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. कारण विश्रामरावांचा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता. ते खाली बसले होते आणि पट्टा मांडीवर घेऊन नावावरून बोट फिरवत होते.

"त्याला वाटेल, मुद्दाम केलं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणेल, माझं नावसुद्धा यांना उलटंच दिसतं."

मग कोणाचं न ऐकता त्यांनी सुरी रिबिटाखाली घातली. रिबिट तांब्याचं होतं, आणि विश्रामरावांनी स्वतः ठोकलं होतं. ते काही हललं नाही. सुरी हलली, आणि मुठीवरचा हात पात्यावर घसरला. उजव्या हाताला अंगठ्यापाशी तीन टाके पडले, आणि डॉक्टरांनी चारही बोटांना एकत्र बांधून हाताचं गाठोडं केलं.

"आठ दिवस या हाताने काही करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "जेवायचंसुद्धा नाही."

रविवारी साडेबाराला मुकुल आला. एकटाच. उंबरठ्यावरूनच त्याने आईच्या पाया पडून घेतलं.

"क्षिप्रा?"

"खाली गाडीत आहे. सान्वी पण. गाडी चालूच आहे, आई, निघतो लगेच. बाबांच्या हाताला काय झालं?"

"अरे, काही नाही, भाजी चिरताना," विश्रामराव म्हणाले. त्यांनी आयुष्यात भाजी चिरली नव्हती, हे मुकुललाही माहीत होतं. पट्टा कपाटात जुन्या नकाशांच्या मागे सरकवलेला होता. तो द्यायचा नाही, असं रात्रीच ठरलं होतं. पण ते विश्रामरावांचं ठरलं होतं. सुमतीबाई आत गेल्या आणि पट्टा आणून मुलाच्या हातात ठेवला.

"हा घे. तुझ्या बाबांनी केलाय. महिनाभर खपत होते."

मुकुलने पट्टा उलगडला. नाव पाहिलं. कळ्यांवरून अंगठा फिरवला. "बाबांनी? हाताने?"

"मुकुल, तो... राहू दे," विश्रामराव म्हणाले. "त्यात जरा..."

पण मुकुलने कमरेचा जुना पट्टा ओढून काढलाही होता. नव्याचं टोक त्याने लूपमध्ये घातलं. उजवीकडच्या. मागून फिरवून डावीकडून बाहेर काढलं, बक्कल लावलं, आणि आईला दाखवायला वळला.

पाठ विश्रामरावांकडे झाली. पाठीवर, दोन टवटवीत कळ्यांच्या मध्ये, सुलट आणि स्वच्छ: मुकुल.

 मुकुल मान वळवून पाठीवरचं नाव पाहायचा प्रयत्न करत होता.

"आई, सुलटं आलंय ना?"

"अगदी," सुमतीबाई त्याच्या पाठीशी येऊन म्हणाल्या.

"माझ्या एकाही पट्ट्यावरची नक्षी आजपर्यंत सुलटी आली नाही. मी उलटा लावतो ना." तो वडिलांकडे वळला. त्याचा आवाज जरा बदलला होता. "जेवण, लिहिणं, दात घासणं, सगळं उजवं केलंत तुम्ही. पट्टा लावताना तेवढं कुणी बघत नव्हतं. तो डावाच राहिला. बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

विश्रामरावांपुढे या वेळी दोन वाटा होत्या. मान हलवली असती, तर सगळं श्रेय आयतं पदरात पडत होतं. पण माणूस ड्राफ्ट्समन. नकाशात चूक आहे हे माहीत असताना खाली सही करणं त्याला जमत नाही. त्यांनी गाठोड्याचा हात पुढे केला, बक्कलाकडे रोखला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले,

"माहीत नव्हतं रे. चुकलं माझं."

मुकुलने ते बक्कलापुरतं ऐकलं नाही.

तो वडिलांकडे पाहत राहिला. मग बाल्कनीत गेला, पाट्याला अडखळला, आणि खाली वाकून ओरडला, "क्षिप्रा! गाडी बंद कर आणि वर या! हो, दोघी!"

विश्रामराव खुलासा करायला उठत होते. "अरे, मी बक्कलाचं म्हणत..."

सुमतीबाईंनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. "पानं घेते," त्या म्हणाल्या.

पानं मांडली. सान्वी आजोबांच्या शेजारी बसली. जरा अंतर ठेवून. विश्रामरावांनी डाव्या हातात चमचा घेतला. पहिला घास नाकापाशी गेला, दुसरा सदऱ्यावर. तिसऱ्या वेळी आमटीची वाटी कलंडली. सान्वी हे सगळं बारकाईने पाहत होती. तिच्या डाव्या हातातला चमचा मात्र वरणभातातून तोंडात आणि परत, न सांडता, चालला होता.

"आजोबा, असं नाही. असं धरायचं."

त्यांनी तसं धरलं. तरी सांडलं. कंटाळून त्यांनी गाठोड्याचा उजवा हात पानाकडे नेला, तशी सान्वीने त्यावर एक चापटी मारली. टाक्यांना लागू नये इतकी हलकी.

"चांगले आजोबा या हाताने जेवतात," ती म्हणाली, आणि चमचा परत त्यांच्या डाव्या हातात दिला.

मुकुल हसला, आणि घास अडकून ठसका लागेपर्यंत हसत राहिला. माजिवड्याला परतायला संध्याकाळचे सहा वाजले.

कोणी किती भरलं, तर असं: विश्रामरावांनी तीन टाके आणि एक सदरा, महिपतने महिन्याच्या दुपारच्या झोपा, पाट्याने ठोकाठोकीत उडालेला एक कोपरा. महिपतचं तोंड बंद राहावं म्हणून त्याच संध्याकाळी चार पुरणपोळ्या खाली गेल्या. पण सगळ्यांत जास्त भरलं ते सुमतीबाईंनी. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची एवढी मोठी चूक पहिल्यांदाच पुराव्यासकट हाती लागली होती, आणि ती त्यांना जन्मात कोणाला सांगता येणार नव्हती.