एकही फूल तुटलं नव्हतं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमच्या बैठकीच्या खोलीत एकही फूल तुटलेलं नव्हतं. एकही! खिडकीपासून कपाटापर्यंत कुठंही बघा, पाकळीला पाकळी भिडलेली, देठाला देठ मिळालेला. अशी खोली पुन्हा होणे नाही. आणि तरीही खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन मला जिन्यात गाठून विचारतात, "काय मास्तर, सोफा सापडला का?"

सापडला का म्हणे! हरवला कधी होता?

लोकांनी एकच बाजू ऐकली आहे, म्हणून माझी बाजू लिहितो. लिहिणं मला उशिरा आलं, त्यामुळं सगळं सरळ सांगतो. वळणं घ्यायला मला जमत नाही.

मी शिंपी. उभा जन्म शर्ट शिवण्यात गेला. आमच्या धंद्यात हुशारी कशात असते ठाऊक आहे? चौकड्याच्या शर्टावर खिसा लावण्यात. खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांना अशा मिळाल्या पाहिजेत की खिसा दिसताच कामा नये. माझा खिसा दिसायचा नाही. एकदा एक मामलेदार दुकानात तणतणत आले, "खिसा खाल्लास माझा!" मी त्यांचाच हात धरला आणि त्यांच्याच छातीवर नेऊन ठेवला. बोटं आत गेली आणि राग उतरला. पुढं माझ्याशिवाय कुणाकडं शर्ट टाकला नाही त्यांनी.

तर असा मी! आणि मला सूनबाई रंगसंगती शिकवायला निघाली.

तिनं घरसजावटीचा वर्ग लावला होता. वाईट नाही, माणसानं शिकावं. पण वर्गाला जायला लागल्यापासून ती घरात अशी फिरायची, जणू पंचनाम्याला आली आहे. हे भडक, ते जुनाट, ह्याला 'लय' नाही. एके दिवशी तिची नजर माझ्या खुर्चीवर गेली.

ही खुर्ची माझ्या दुकानातली. तिच्यात बसून मी काजं केली, बटणं लावली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. तिची बैठक माझ्या अंगाच्या मापानं खाली गेलेली आहे. दुसरा कुणी बसला तर त्याला खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं, मला मात्र घरी आल्यासारखं वाटतं. दुकान विकलं तेव्हा एवढी एकच वस्तू मी घेऊन आलो.

"बाबा, ही जाणार," सूनबाई म्हणाली.

"कुठं?"

"भंगारात. माझ्या परीक्षेला बाई घरी येणार आहेत. आपलीच बैठकीची खोली सजवून दाखवायची आहे. त्यात हे कसं चालेल?"

"हे म्हणजे खुर्ची की मी?"

चिरंजीव मध्ये पडले. माझा मुलगा मध्ये पडतो म्हणजे दोन्हीकडून मार खातो. शेवटी असं ठरलं, की शिवणकाम सगळं मी करायचं. बाईंना खोली आवडली तर खुर्ची राहील, नाहीतर भंगारवाला. मी म्हटलं, कबूल! शिवणकामावर पैज आणि ती माझ्याशी?

सूनबाईनं मोठ्या भिंतीला फुलाफुलांचा कागद लावून घेतला. निळसर जमीन, तिच्यावर तळहाताएवढी तांबडी फुलं, मधून मधून वेलींचे वेटोळे. दुकानात त्याच छापाचं कापडही मिळत होतं. ते घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, फक्त खिडकीचा पडदा आणि उशांचे अभ्रे. बाकी सगळं साधं ठेवायचं. नक्षीला श्वास घ्यायला जागा लागते." एवढं सांगून ती माहेरी गेली. परीक्षेच्या दिवशी सकाळी येणार होती.

मी पडदा लावला. भिंतीवरचं फूल खिडकीशी आलं की पडद्यावर तेच फूल पुढं चालू! हात लावून पाहिला तरच कळेल की इथं कागद संपला. मी मागं सरलो, समाधानानं बघितलं आणि माझ्या काळजात कळ आली.

भिंतीला लागून सोफा होता. करडा, सपाट, ओल्या पोत्यासारखा. त्याच्या पाठीशी येऊन सगळी फुलं मेली होती! कुणी कमरेत कापलेलं, कुणाचं नुसतं डोकं वर, जणू मान धरून पाण्यात बुडवलंय. नक्षीला श्वास हवा म्हणे! अर्ध्या कापलेल्या फुलानं कुठून घ्यायचा श्वास?

मी आणखी कापड आणलं.

मग काय सांगू! दारात उभं राहून बघायचं, खडूनं खूण करायची, पुन्हा दारात जायचं. सोफ्याची पाठ, बैठक, हात, सगळं भिंतीशी जुळवलं. सोफ्यानंतर शेजारची सूनबाईची नवी बुटकी खुर्ची ओशाळवाणी दिसायला लागली, तिलाही कापड चढवलं. मग टेबल. मग कपाटाची दारं. आतल्या दाराचा पडदा. आणि शेवटी, प्रेमानं, माझी खुर्ची. दारात उभं राहिलं की समोर नुसती एक अखंड बाग!

ही, म्हणजे माझी बायको, आतून आली आणि थबकली.

"अहो, सोफा कुठं हलवला?"

"तिथंच आहे."

"कुठं तिथंच?"

ती हात पुढं करून चाचपडत गेली, सोफा हाताला लागल्यावर बसली आणि म्हणाली, "मेलं डोकं गरगरतंय." पण कापड हिला आवडलं. उरलेल्यातून गाऊन शिवून मागितला. शिवला. खांद्यावर, बगलेत, सगळीकडं फूल जुळवलं. बायकोच्या कपड्यात कुणी हयगय करतं का?

परीक्षेच्या दिवशी सूनबाई आली. दार उघडलं आणि अंदाजानं हातातली पिशवी टेबलावर ठेवली. म्हणजे तिला वाटलं ठेवली. टेबल चांगलं हातभर पलीकडं होतं. पिशवी धाडकन खाली!

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माझी खोली कुठाय?"

"समोर."

"माझा सोफा? माझी खुर्ची?"

"सगळं जागच्या जागी आहे. बघ तरी, एक फूल तुटलंय का!"

"फूल? बाबा, फक्त उशा सांगितल्या होत्या मी! उशा!"

"उशाही केल्यात."

"कुठायत?"

आता खरं सांगायचं तर त्या मलाही चटकन सापडल्या नाहीत. पण मी हाताचा एक गोल इशारा सोफ्याकडं केला. ती सोफ्याचा अभ्रा उपसायला धावली, पण तेवढ्यात घंटी वाजली. बाई!

बाई उंच, सडपातळ, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चष्मा घातला. काढला. पुसला. पुन्हा घातला.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "खोली रिकामीच ठेवलीय. धाडस आहे!"

"रिकामी नाही, बाई," मी म्हणालो, "भरलेली आहे."

त्या हसल्या, चार पावलं पुढं आल्या आणि "आई गं!" करून वाकल्या.

"ते टेबल," मी सांगितलं.

"कुठलं टेबल?"

"तुमच्या गुडघ्याखालचं."

धक्क्यानं टेबल तिरकं झालं होतं. वेलीचे दोन तुकडे! मी धावलो आणि आधी टेबल सरळ केलं. ह्यावरून मला आजपर्यंत बोलणी बसतात, की बाई कळवळत होत्या आणि मी खूण जुळवत बसलो. अहो, गुडघा आपोआप बरा होतो! वेल होते का?

"बसा ना, बसा," चिरंजीव गडबडून म्हणाले.

"कशावर?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

इथं माझी छाती भरून आली, हे मी लपवत नाही. मामलेदारांची आठवण झाली. मी बाईंना अदबीनं सोफ्याकडं नेलं आणि म्हणालो, "इथं. निर्धास्त बसा."

बाईंनी मागं हात नेला. हाताला काहीतरी मऊ, गुबगुबीत लागलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. "बैठक छान आहे हो," म्हणत त्या टेकल्या.

आणि सोफा किंचाळला!

काय झालं होतं, की ही सकाळचं काम आटोपून तिथंच कलंडली होती. अंगात तो गाऊन. माशा बसू नयेत म्हणून तोंडावर उरल्या कापडाचा तुकडा घेतलेला. मला वाटत होतं ही आत आहे, आणि खोलीत कुणालाच ती दिसली नाही. आता ह्यात माझा दोष काय? काम चोख झालं हा?

"कोण मेलं बसलं माझ्या पोटावर!" सोफा ओरडला.

बाई उडाल्या. भिंतीचा एक तुकडा उठून बसतो, त्याला केस फुटतात आणि तो शिव्या देतो, हे बघून कुणीही उडेल, मी कबूल करतो. त्यांचा धक्का लागून बुटकी खुर्ची गर्रकन फिरली. बाई दाराकडं धावल्या. दार समजून त्यांनी कपाट उघडलं आणि आत शिरल्या.

"बाई, ते कपाट आहे!" सूनबाई ओरडली.

आतून आवाज आला, "मला घरी जायचंय!"

चिरंजीवांनी त्यांना छत्र्यांमधून बाहेर ओढलं. सूनबाई घाईघाईनं चहा घेऊन आली, ट्रे टेबलावर ठेवला, आणि पिशवीचं जे झालं तेच ट्रेचं झालं. बाईंच्या चपलांत चहा गेला. उंबऱ्यापाशी पोचल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सगळ्या आयुष्यात मी असं..." पुढचं त्यांना सुचलं नाही. मी ते कौतुक समजायला तयार होतो. सूनबाई तयार नव्हती. परीक्षेचा निकाल नापास!

"आई, लागलं का?" तिनं आधी हिला विचारलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भंगारवाल्याला बोलावते."

शब्द तो शब्द. मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो. खुर्ची जाताना बघवली नसती. ही शेजारी येऊन बसली. पोटावर शेकाची पिशवी, तरी माझाच हात धरलेला.

"दुसरी आणू," ती म्हणाली.

"दुसरीत खड्डा नसतो."

"बसून बसून पडेल की!"

"तेवढा वेळ आहे का आता आपल्याकडं?"

बाहेर भंगारवाल्याचा आवाज आला. सूनबाई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "भिंतीजवळची फुलाफुलांची खुर्ची आहे, ती घेऊन जा! मी काही त्या खोलीत पाऊल टाकणार नाही!" काहीतरी सरकलं, दाराला घासलं, जिन्यानं खाली गेलं. मी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी खोलीत गेलो. म्हटलं, निदान जागा तरी बघू. जिथं खुर्ची होती तिथं आता नुसती भिंत, एकसंध, फुलं कशी जुळलेली. भिंतीवरून हात फिरवायला गेलो आणि हाताला लाकूड लागलं. ओळखीचं, गुळगुळीत, माझ्याच कोपरानं झिजवलेलं.

खुर्ची होती! जागची हललीच नव्हती! गोंधळात बुटकी खुर्ची फिरली होती, तिची फुलं मोडली, ती दिसली. भंगारवाल्याला भिंतीजवळ एकच खुर्ची दिसली आणि त्यानं ती नेली.

मी बसलो. आणि हसलो. मोठ्यानं. तिथंच चुकलं. हसणं ऐकून सूनबाई धावत आली आणि तिला काय गेलं ते कळलं.

त्यानंतरचे दिवस मी लिहीत नाही. अभ्रे फाडले गेले, कागद खरवडला गेला, भिंती कापसासारख्या पांढऱ्या झाल्या. बुटकी खुर्ची काही परत मिळाली नाही. बसायला काहीतरी हवं म्हणून माझी तशीच राहिली, उघडी, काळपट, खड्ड्यासकट.

फेरपरीक्षेला बाई आल्या, दारात उभं राहून आधी काठीनं चाचपून मगच आत आल्या. सगळीकडं पांढरं बघून जरा निवांत झाल्या. आणि एकदम माझ्या खुर्चीपाशी थांबल्या.

"ही कुठून आणलीत? काय झीज आहे! काय रंग मुरलाय! अहो, सगळी खोली हिनंच पेललीय!"

सूनबाई वर्गात पहिली आली. मला म्हणाली, "बाबा, तुमची खुर्ची कुठं जात नाही आता. शब्द देते." मी बसायला पुढं झालो.

"अहो बाबा, बसू नका! बाईंनी सांगितलंय, ती बघायची खुर्ची आहे."

आता तिच्यात एक कुंडी बसते. बरोबर माझ्या खड्ड्यात! आल्यागेल्याला दाखवतात, "ही आमच्या बाबांची खुर्ची." आणि बाबा कुठं? बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर! हेही मी स्टुलावर बसूनच लिहितोय.

स्टूल डुगडुगतं. म्हणून त्याच्या आखूड पायाखाली त्या कापडाचा एक तुकडा घडी करून सरकवलाय. घाईत कापला, त्यामुळं त्यात फूल अर्धंच आलंय. पण खाली आहे. कुणाला दिसत नाही.