झाड बघायला आलोय

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्मुटने शेगडीजवळच्या बाकावर पाय पसरले आणि जाहीर केलं, की आज ती कुणासाठीही उठणार नाही.

डेटलेफने मान डोलावली. हा दिवस त्याने तिला कबूल केला होता. लग्न झाल्यापासून दर नाताळात या दिवशी त्याच्या बहिणी, मेहुणे, त्यांची मुलं आणि आता मुलांचीही मुलं जेवायला येत, आणि आल्मुट भाजलेल्या हंसाच्या मागेपुढे धावत असे. गेल्या वर्षी सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "डेटलेफ, मला त्या हंसाचा हेवा वाटतो. तो निदान आडवा तरी होता."

डेटलेफचं सगळं आयुष्य उत्तरेकडच्या बंदरात समुद्राचे नकाशे सांभाळण्यात गेलेलं. हॉटेलात सूप गार आलं तरी वेटरला हाक मारायला नको म्हणून तो ते तसंच पिऊन टाकी. पण या वर्षी त्याने तिन्ही बहिणींना स्वतः फोन केले आणि येऊ नका म्हणून सांगितलं. मग नकाशा उघडून समुद्रापासून आणि बहिणींपासून सगळ्यांत लांब असलेलं गाव शोधलं. ते आमचं निघालं. इथे त्सेन्सीबाईंच्या घराचा वरचा मजला त्याने भाड्याने घेतला. "दारावरची बेल वाजवायला तिथं कुणी ओळखीचंच नाही," त्याने बायकोला सांगितलं होतं. नाताळचं झाडसुद्धा आणलं नव्हतं. आल्मुटला खाली पडलेल्या सुया झाडायच्या नव्हत्या.

आमच्या गावात या दिवशी लोक एकमेकांच्या घरी झाड बघायला जातात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आम्हाला वाटतं, सगळं जग असंच करतं.

कॉफी निवायच्या आत बेल वाजली. दारात चीज बनवणारा आलोइस उभा होता. त्याच्या मागे बॅन्डमधले तिघे, टोप्या हातात घेऊन.

"झाड बघायला आलोय," आलोइस म्हणाला.

आमच्याकडे झाड नाही, असं डेटलेफ म्हणाला. पण तो इतकं हळू बोलतो की तोवर चौघांनी बूट पुसले होते आणि ते आतही आले होते. आल्मुटने पाय खाली घेतले. चौघांनी खोलीभर पाहिलं. खोलीत शेगडी होती, बाक होता, आणि कपडे वाळत घालायचा एक लाकडी स्टँड होता. त्यावर आल्मुटचे लाल लोकरी मोजे वाळत होते.

आलोइस जन्मात कधी कुणाच्या घरातून कौतुक केल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. तो स्टँडसमोर उभा राहिला, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली आणि म्हणाला, "अगदी सरळ वाढलंय. आणि फांद्या कशा सगळ्या सारख्या."

"रंगही छान धरलाय," ट्रम्पेटवाला म्हणाला.

मग ते चौघे बसले आणि वाट बघू लागले. कशाची, ते डेटलेफला कळेना. शेवटी त्याने कॅमोमाइलच्या फुलांचा, पोट बिघडल्यावर पितात तो चहा करून आणला. चौघांनी कपात असं डोकावून पाहिलं, जसं विहिरीत काही पडलंय का ते बघतात. मग निमूटपणे चहा प्यायले, डेटलेफला प्रकृतीची काळजी घ्या म्हणाले आणि गेले.

थोड्याच वेळात त्सेन्सीबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या एका हातात नाशपातीच्या दारूची बाटली होती आणि दुसरा कमरेवर.

"पाहुणे, तुमच्यापैकी आजारी कोण आहे?"

कुणीच नाही, असं कळल्यावर त्या आणखीच गंभीर झाल्या. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं समजावलं. आलेल्याने झाडाचं कौतुक करायचं. कौतुक झालं की यजमानाने पेला भरायचा. पेला भरला की आलेल्याने तो रिकामा करायचा. यातलं काहीही चुकलं तर माणूस एकतर कंजूष, नाहीतर गर्विष्ठ. चहा या दोन्हींत बसत नाही, म्हणून गावाने आजारपणावर एकमत केलं होतं. आणि आता संध्याकाळपर्यंत अख्खं गाव विचारपूस करायला येणार होतं.

"अख्खं?" डेटलेफने विचारलं.

"शाळामास्तर सोडून. त्यांना खरंच बरं नाही."

आल्मुटने डेटलेफकडे पाहिलं. ते पाहणं गेल्या वर्षीच्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावरचं होतं.

डेटलेफने कोट चढवला. आपणच आलोइसकडे जायचं, आम्ही ठणठणीत आहोत म्हणायचं, आणि कृपा करून कुणी येऊ नका अशी विनंती करायची, एवढाच त्याचा बेत होता. चालता चालता तो ते वाक्य मनात घोकत होता. आलोइसच्या बायकोने, वाल्बुर्गाने, दार उघडलं तेव्हा वाक्य अगदी तयार होतं. पण येऊ नका असं सांगायला आलेल्या माणसानेही आधी झाड बघायला हवं. त्याला खोलीच्या मध्यभागी उभं केलं गेलं आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

डेटलेफला खोटं बोलता येत नाही. समुद्रात खडक असेल तर तो नकाशात दाखवावाच लागतो.

"डावीकडे थोडं कललंय," तो म्हणाला.

आलोइसच्या घरात कुणी असं बोललं नव्हतं. शेगडीमागचं मांजरसुद्धा उठून बसलं. मग वाल्बुर्गा खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दर वर्षी सांगते याला," ती म्हणाली, "आणि दर वर्षी म्हणतो, तुझीच मान वाकडी."

डेटलेफचा पेला काठोकाठ भरला गेला. तो रिकामा झाल्यावर त्याने विनंतीसाठी तोंड उघडलं, तर वाल्बुर्गा त्याचा दंड धरून त्याला शेजारी घेऊन चालली होती. खरं बोलणारा माणूस गावात आलाय, ही बातमी तिला एकटीला पेलवणारी नव्हती. शेजारचं झाड शेंड्याला विरळ होतं. डेटलेफने तसं सांगितलं आणि दुसरा पेला घेतला. त्याच्यापुढचं झाड चांगलं होतं, फक्त उलट्या बाजूने ठेवलं होतं. ते त्याने स्वतः फिरवून दिलं. दर घरात आपलं वाक्य म्हणायचं तो ठरवी, आणि दर घरातून निघताना ते वाक्य तसंच खिशात आणि मागे दोन माणसं जास्त, असं होई. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. तो जरा मोठ्याने बोलू लागला होता. एका देवदाराबद्दल बोलताना तर त्याने चक्क, माणसासारखे याचे खांदे उतरलेत, इथपासून सुरुवात केली.

शेवटचं घर चर्चची घंटा वाजवणाऱ्याचं. तिथे निम्मं गाव दाटीवाटीने उभं होतं. डेटलेफने झाड पाहिलं, पेला रिकामा केला, आणि कुणी काही म्हणायच्या आत तो स्टुलावर चढला.

"माझ्या बायकोकडे कुणी येऊ नका," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. बहिणी सांगितल्या, मेहुणे सांगितले, हंस सांगितला. आल्मुट हंसाबद्दल काय म्हणाली तेही सांगितलं. वाल्बुर्गाने आलोइसकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने हातातला पेला खाली ठेवला.

"पाहुणे," आलोइस म्हणाला, "गावाच्या वतीनं शब्द देतो. वहिनींच्या दाराला हात लागणार नाही."

एकेकाने पुढे येऊन डेटलेफचा हात हातात घेतला. असा विजय त्याला ठाऊक नव्हता. घराकडे परतताना तो बर्फात जरा डावीकडे कलत होता, पण मान ताठ होती.

वर आला तर दिवे लागलेले. आल्मुटने तिचा निळा पोशाख घातला होता, केस वर बांधले होते. मोजे कुठे दिसत नव्हते. स्टँडच्या जागी एका सुरईत देवदाराची फांदी खोचलेली होती आणि तिच्यावर आल्मुटची मोत्यांची कानातली लटकत होती. टेबलावर त्सेन्सीबाईंच्या कपाटातला एकूणएक पेला पुसून मांडलेला होता. पेले पुरले नव्हते तिथे उकडलेलं अंडं उभं ठेवायच्या छोट्या वाट्या होत्या. पाव, लोणी, कापलेलं सॉसेज. तो गेल्यापासून ती एकटीच होती. सुरुवातीला फार छान वाटलं होतं. मग शेगडीत लाकूड तडकलं तरी ती दाराकडे बघायला लागली होती.

"येतायत ना सगळे?" तिने विचारलं. "त्सेन्सीबाई म्हणाल्या, अख्खं गाव येणार म्हणून."

डेटलेफ टोपी काढून हसला. असा हसताना तिने त्याला लग्नात पाहिलं होतं.

"एकही नाही," तो म्हणाला. "सगळ्यांकडून वचन घेतलंय. एकेकाचा हात हातात घेऊन. स्टुलावर उभा राहून बोललो मी, आल्मुट."

आल्मुट खिडकीशी गेली. खालच्या गल्लीतून बॅन्डची माणसं जात होती, वाद्यं काखेत, चवड्यांवर, एकमेकांना बोटाने गप्प करत. तिने खिडकी उघडली.

"अहो आलोइस, या ना वर. सगळं तयार आहे."

आलोइसने वर पाहिलं. त्याने टोपी छातीशी धरली आणि फार मायेने मान हलवली.

"नको, वहिनी," तो कुजबुजला. "आता तरी आमच्यासाठी उठू नका."

आणि मंडळी पुढे गेली. आल्मुटने खिडकी लावली. डेटलेफ बाकावर टेकला होता, तिच्यासाठी त्याने कडेला जागा केली होती, आणि डोळे मिटून ऐकत होता.

"बघ," तो म्हणाला. "कुणाचा पायरवसुद्धा नाही."